कुलूप खेळात असू द्या, बाहेर पडण्याच्या दाराला नको

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी गेली तीस वर्षे सोलापुरातील हौशी नाट्यसंस्थांच्या नाटकांना रंगभूषा करते. हुतात्मा स्मृती मंदिराच्या रंगपटात स्पर्धेच्या दिवसांत विंगेत उभी राहून एंट्रीची वाट पाहणारी, हात गार पडलेली मुले मी शेकड्यांनी पाहिली आहेत. त्यामुळे या मे महिन्यात भाच्यांच्या हट्टाखातर शहरातील एका ‘हॉरर एस्केप रूम’मध्ये गेले, तेव्हा माझे लक्ष भुतापेक्षा भूत झालेल्या मुलीकडेच अधिक होते. त्या तासाभरात मला एक अतिशय चांगली गोष्ट दिसली आणि एक अतिशय धोक्याची. पहिली गोष्ट तिथे काम करणाऱ्या दोन तरुण नटांची आहे आणि दुसरी एका साध्या लोखंडी कडीची. ‘असले भीतीचे खेळ बंदच करा’ असे मत त्यानंतर मी घरात, शेजारी आणि नाटकाच्या तालमीतही ऐकले. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही हे सविस्तर सांगावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. चार ते आठ जणांच्या गटाला सजवलेल्या खोलीत नेतात. तिथल्या वस्तूंमध्ये दडवलेली कोडी सोडवत, एकामागून एक कुलपे उघडत, साधारण साठ मिनिटांत बाहेर पडायचे असते, आणि बाहेर बसलेला सूत्रधार कॅमेऱ्यातून सारे पाहत, गाडी अडली तर स्पीकरवरून एखादी खूण सांगत असतो. जपानमधील क्योतो शहरात २००७ मध्ये ताकाओ काटो यांनी हा खेळ सुरू केला आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत तो जगभर पोहोचला. भीतीचे कथानक असलेल्या काही खोल्यांत कोड्यांच्या जोडीला जिवंत नट असतात. यंत्राने हलणारा सांगाडा दुसऱ्यांदा पाहिला की त्याची भीती उरत नाही. नट मात्र गटातील प्रत्येकाकडे पाहतो, कोण पुढे आहे, कोण कोणाच्या पाठीमागे लपले आहे, कोणाला हसू येते आहे हे ओळखतो आणि त्याप्रमाणे आपली चाल बदलतो. आमच्या नाटकवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर इथे प्रेक्षक आणि नट यांच्यामध्ये पडदा नसतो, रंगमंचाची कडा नसते आणि एकमेकांपासून चार हातांचे अंतरही नसते.

आम्ही सहा जण होतो: माझी वहिनी, बहिणीचा मुलगा आणि मुलगी, त्यांचे दोन मित्र आणि मी. ही जागा एका व्यापारी संकुलाच्या तळघरात होती. आत जाण्यापूर्वी काउंटरवरच्या मुलाने आमच्याकडून फॉर्म भरून घेतला आणि नियम मोठ्याने वाचून दाखवले. नटांना हात लावायचा नाही, तेही तुम्हाला हात लावणार नाहीत. हृदयविकार, अपस्मार किंवा गर्भारपण असेल तर आत जाऊ नये. आणि कोणत्याही क्षणी नको वाटले तर ‘थांबा’ एवढा एक शब्द उच्चारायचा, दिवे लागतील. हे त्याने घाईने उरकले नाही, याची मी इथे मुद्दाम नोंद करते. झगझगत्या दिव्यांनी काहींना झटका येऊ शकतो, हे फॉर्मवर बारीक अक्षरात छापून मोकळे होणे वेगळे आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहून विचारणे वेगळे.

बेचाळीस अंशांच्या उन्हातून आम्ही त्या तळघरात उतरलो. प्रखर उजेडातून अंधारात गेल्यावर डोळ्यांना पुरते सरावायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, हे रंगमंचामागे वावरणाऱ्या प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक असते. ब्लॅकआउटमध्ये नेपथ्य बदलणारी मुले म्हणूनच आधीपासून अंधारात बसून राहतात. इथे प्रेक्षक नेमका या पहिल्या वीस मिनिटांत आंधळ्यासारखा असतो आणि आत असलेल्या नटाला मात्र सारे दिसत असते. खेळाची निम्मी भीती या एका फरकातून तयार होते.

कथानक एका बंद पडलेल्या यंत्रमाग कारखान्याचे होते. रातपाळीला गेलेला मुलगा परत आला नाही, म्हणून त्याची आजारी आई रोज रात्री कारखान्यात येऊन त्याला शोधते, एवढीच गोष्ट. आत शिरल्यावर पहिल्यांदा ऐकू आला तो मागाचा आवाज. माझे बालपण साखर पेठेत गेले. भिंतीपलीकडे माग चालायचे, आणि तो आवाज आमच्या इतका अंगवळणी पडला होता की त्यातच आम्ही पाठांतर करत असू आणि झोपतही असू. रात्री वीज जाऊन माग अचानक थांबले की मात्र घरातली सगळी माणसे एकदम जागी व्हायची. कोणी काही बोलायचे नाही. वडील उठून बसायचे आणि आवाज पुन्हा सुरू होईपर्यंत तसेच बसून राहायचे. त्या खोलीची रचना करणाऱ्याला हे माहीत असावे, कारण पहिली दहा मिनिटे धोट्याचा खटका अखंड चालू होता, आम्ही त्याच्या लयीत बोलायलाही लागलो होतो, आणि ट्रंकेचे पहिले कुलूप उघडताच तो आवाज थांबला. किंकाळी नाही, दार आपटणे नाही, नुसती शांतता. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. शेजारी उभ्या असलेल्या भाच्याला, ज्याने माग कधी चालताना पाहिलेला नाही, त्याला त्यात काही विशेष वाटले नाही. ही भीती सोलापूरच्या मातीतून उचललेली होती, आणि परदेशी चित्रपटांतल्या विदूषकांचे मुखवटे आणून टांगण्यापेक्षा ती किती वरच्या दर्जाची होती, हे मी नाटकवाली म्हणून सांगू शकते.

मग आजी आली. खाटेवर अंथरलेल्या चादरीच्या किनारीतील रंगीत पट्ट्या मोजून त्यांचा आकडा दुसऱ्या कुलपाला लावायचा होता आणि आम्ही सगळे त्या चादरीवर वाकलो होतो. कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेला सुताचा गठ्ठा म्हणून ज्याकडे आम्ही तीनदा पाहिले होते, तो उठून बसला. ती ओरडली नाही. ‘आमचा बाळू आला का पाळीवरनं?’ असे तिने अगदी हळू आवाजात विचारले, आणि उत्तराची वाट पाहत एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या द्रव लेटेक्स आणि टिश्यू पेपरने केलेल्या होत्या, कातडी ताणून धरून थर वाळू दिलेला होता, त्यामुळे बोलताना त्या खऱ्या सुरकुत्यांसारख्या हलत होत्या. केसांना सफेदा बेताने लावलेला होता. हात मात्र तिने रंगवले नव्हते. तळहातावर फिकट होत आलेली मेंदी तशीच होती. एरवी माझ्या हाताखालच्या मुलीने असे केले असते तर मी रागावले असते. त्या दिवशी ती मेंदी दिसली याचे मला पुढे समाधान वाटले.

चाळीसएक मिनिटे झाली असतील. तिसऱ्या खोलीत पहारेकऱ्याच्या वेशातला मुलगा मागून काठी आपटत आम्हाला पुढे रेटत होता आणि आजी समोरून येत होती. भाचे मंडळी ओरडत, हसत पुढे सरकली. वहिनी भिंतीला टेकून उभी राहिली. तिला घाम फुटला होता, श्वास वरच्या वर चालला होता. ‘थांबा’ म्हणायचे तिच्या लक्षात होते, हे तिने नंतर सांगितले, पण तोंडातून आवाजच फुटत नव्हता. मी तिच्यापासून तीन पावलांवर होते आणि मला काही कळले नाही, हे मला कबूल केले पाहिजे. कळले ते त्या आजीला. वहिनीचा हात गळ्याशी गेलेला तिने पाहिला आणि त्याच क्षणी तिचे वाकलेले पाठाड सरळ झाले, घोगरा आवाज गेला, आणि विशीतल्या मुलीच्या आवाजात ती म्हणाली, ‘काकू, हिकडं बघा. मी कॉलेजात शिकते. हे बघा, माझ्या हातावर मेंदी हाय. बसा खाली, भिऊ नका.’ तिने भिंतीवरचे बटण दाबून दिवा लावला, पहारेकऱ्याला पाणी आणायला पाठवले, आणि वहिनीसमोर जमिनीवर बसून तिच्याबरोबर मोजून श्वास घेऊ लागली. तिने वहिनीला हात लावला नाही. ‘हात धरू का?’ असे आधी विचारले आणि वहिनीने मान हलवल्यावरच धरला.

मी अनेक चांगले नट पाहिले आहेत. भूमिकेत शिरणे अवघड असते, हे सर्वजण मान्य करतात; भूमिकेतून एका क्षणात बाहेर येणे त्याहून अवघड असते, आणि समोरच्या अनोळखी बाईचा श्वास पाहून ते करणे, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. अशा खेळात घाबरवणारा माणूसच खरे तर तुमचा राखणदार असतो. कॅमेऱ्यापुढे बसलेल्या सूत्रधाराला अंधुक पडद्यावर सहा आकृत्या दिसतात, त्यातल्या कोणाचा श्वास अडकला आहे हे त्याला दिसत नाही. ते चार फुटांवरच्या नटालाच दिसते. म्हणून असा नट ‘कोणीही चालेल, तोंडाला रंग फासून ओरडता आले म्हणजे झाले’ अशा हिशेबाने नेमता येत नाही.

आता त्या कडीविषयी. वहिनीला मोकळ्या हवेत न्यायचे ठरले. आतल्या खोल्यांची सारी दारे झटकन उघडली, कारण त्यांना विजेवर चालणारी चुंबकीय कुलपे होती आणि प्रत्येक दाराशेजारी हिरवे बटण होते. या कुलपांचे काम मला तिथल्याच एका मुलाने नंतर समजावून दिले: वीज चालू असेपर्यंत चुंबक दार धरून ठेवतो, वीज तुटली की दार आपोआप सुटते. जिन्याच्या वरचे शेवटचे दार मात्र साधे लाकडी होते आणि त्याला बाहेरून कडी लावलेली होती. काउंटरवरचा मुलगा संकुलाच्या दारातली कोणाची तरी गाडी हलवायला रस्त्यावर गेला होता. आजीच्या वेशातली ती मुलगी दोन्ही हातांनी दार वाजवत होती, पहारेकरी त्याच्या मोबाइलवर फोन लावत होता, तळघरात रेंज येत-जात होती, आणि वहिनी पायरीवर बसून दाराखालच्या फटीतून येणाऱ्या उजेडाकडे पाहत होती. प्रवेश मोजायची सवय असल्याने मी घड्याळ पाहिले. कडी निघायला नव्वद सेकंद लागले.

त्या नव्वद सेकंदांत काही झाले नाही. वहिनी बाहेर आली, लिंबू सरबत प्यायली, संध्याकाळी घरी गेल्यावर स्वतःच हसून हकीकत सांगू लागली. पण त्या पायरीवर उभी असताना माझ्या डोळ्यांसमोर दुसरेच काही होते. खाली प्लायवूडच्या भिंती होत्या, थर्मोकोलचे खांब होते, काळे कापड, सुताचे गठ्ठे, ऑइल पेंट आणि त्या सगळ्यांतून गेलेल्या वायरी होत्या. खिडकी एकही नव्हती. वर येणारा जिना एकच होता.

१३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात आग लागली तेव्हा ५९ माणसे गेली; बाल्कनीतील लोकांना बाहेर पडण्याची दारे बंद मिळाली आणि बहुतेकांचा जीव ज्वाळांनी नव्हे, धुराने घेतला. तेव्हापासून आमच्या पिढीतल्या रंगमंच-व्यवस्थापकांना प्रयोग सुरू होण्याआधी प्रेक्षागृहाच्या दाराच्या कड्या स्वतः तपासण्याची सवय लागली. एस्केप रूमच्या बाबतीत तर जगाने याहून नेमका धडा पाहिलेला आहे. पोलंडमधील कोशालिन या गावात ४ जानेवारी २०१९ रोजी पंधरा वर्षांच्या पाच मुली मैत्रिणीच्या वाढदिवसासाठी अशाच एका खोलीत गेल्या होत्या. बाहेरच्या प्रतीक्षा कक्षातील गॅसवरच्या हीटरच्या ठिकाणी गळती होऊन आग लागली, मुली आत अडकल्या आणि पाचही जणी धुराने गुदमरून गेल्या. त्यानंतर त्या देशात अशा सर्व जागांची तपासणी झाली आणि अनेक बंद कराव्या लागल्या. राजकोटच्या गेम झोनमध्ये २५ मे २०२४ रोजी लागलेल्या आगीत २७ जण मृत्युमुखी पडले, त्यात सुट्टीत खेळायला आलेली मुले होती, आणि त्या जागेकडे अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला नव्हता. आपल्याकडे दूरचे कशाला सांगावे? अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतील टॉवेल कारखान्याला १८ मे २०२५ च्या पहाटे लागलेल्या आगीत आठ माणसे गेली. सूत आणि कापड कसे पेटते हे सोलापूरला कोणी शिकवायला नको.

मी त्या जागेच्या चालकाला भेटले. तिशीच्या आतला मुलगा आहे, कर्ज काढून हा व्यवसाय उभा केला आहे, नटांना वेळेवर पैसे देतो असे त्या दोघांनीच मला सांगितले. माझे म्हणणे त्याने शांतपणे ऐकून घेतले. कडी का लावता, या प्रश्नाला त्याचे उत्तर असे होते की पुढच्या वेळेचे लोक लवकर येतात, उत्सुकतेने दार उघडून जिन्यावर डोकावतात आणि आतल्या गटाचा रंग उतरतो. हे उत्तर खोटे नाही. नाटकातही उशिरा आलेला प्रेक्षक दार उघडून उजेडाची तिरीप आत सोडतो तेव्हा आमचा जीव खालीवर होतो. पण त्यावर नाट्यगृहांनी शोधलेला उपाय कडीचा नाही. दाराशी एक माणूस आणि आत एक जाड पडदा, एवढ्याने ते काम भागते. दाराला आतून ढकलले की उघडणारी आडवी पट्टी बसवली तर बाहेरून कोणी आत येऊ शकत नाही आणि आतल्याला मात्र कोणी अडवू शकत नाही. अशा पट्ट्या मोठ्या चित्रपटगृहांत आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. आणखी एक गोष्ट मी त्याच्या नजरेला आणली: चुंबकीय कुलपे वीज गेली की सुटतात हे खरे, पण त्याने भारनियमनाच्या भीतीने ती कुलपे इन्व्हर्टरवर घेतली होती. म्हणजे बाहेरची वीज गेली तरी ती बंदच राहणार. धूर कळवणाऱ्या यंत्रणेशी ती अशी जोडली, की धोक्याची घंटा वाजताच त्यांचा पुरवठा तुटेल, तरच त्या कुलपांचा गुण उपयोगाला येतो.

कायद्याची उणीव आहे असे नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा कायदा आहे. इमारतीचा मालक किंवा भोगवटादार याने आगप्रतिबंधक यंत्रणा चालू स्थितीत ठेवायची आणि परवानाधारक संस्थेकडून तपासून घेऊन दर जानेवारी व जुलै महिन्यात तसे प्रमाणपत्र सादर करायचे, हे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. सार्वजनिक करमणुकीच्या जागांचे नियमन करण्याचा अधिकार महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३३ खाली पोलीस आयुक्तांना आहे, आणि सोलापूरला पोलीस आयुक्तालय आहे. माझी विनंती एवढीच आहे की या जुलैच्या प्रमाणपत्रांची छाननी होईल तेव्हा महापालिकेच्या अग्निशमन दलाने शहरातील असे सर्व बंदिस्त खेळ कागदावर न तपासता, आत एक गट खेळत असताना, सूचना न देता जाऊन पाहावेत. रिकाम्या वेळी गेले तर कडी काढलेलीच असणार.

बंदी मला का नको, हे आता सांगते. भीतीचा खेळ ही आपल्याकडे नवी आलेली गोष्ट नाही. लहानपणी दारात पोतराज येऊन आसूड कडाडला की आम्ही आईच्या पदराआड दडत असू; आई सुपातून धान्य घालायची, तो निघून जायचा, आणि तो गेल्यावर आम्हीच दोरीचा आसूड करून पोतराज-पोतराज खेळायचो. गड्ड्याच्या यात्रेत पत्र्याच्या शेडमधले भूतघर पाहायला आम्ही दोन-दोनदा पैसे दिले आहेत. भीती सुरक्षित जागी, आपल्या माणसांत, आपल्या इच्छेने अनुभवायची आणि ती ओसरल्यावर हसत घरी यायचे, याची माणसाला गरज असते असे मला वाटते. दहावीच्या वर्षात कोणाशी न बोलणारी माझी भाची त्या दिवशी रात्री अकरापर्यंत बोलत होती, आणि वहिनीला सर्वांत आधी पाणी पाजायला धावली तीही तीच. असे खेळ बंद केले तर ते नाहीसे होणार नाहीत. ते कोणाच्या तरी शेतातल्या गोदामात, फॉर्म नाही, ‘थांबा’ नाही, हिरवे बटण नाही, अशा ठिकाणी जातील.

बंदीने आणखी एक नुकसान होईल, ज्याचा विचार प्रेक्षक करत नाहीत. खेळ संपल्यावर मी त्या मुलीजवळ बसले. लेटेक्स ओरबाडून न काढता कोमट पाण्याने आणि खोबरेल तेलाने कसे सोडवायचे ते दाखवत होते, तेव्हा तिच्या कोपरावर नखांचे चार ताजे व्रण दिसले. आधीच्या गटातल्या एकाने घाबरून पकडले होते. भीतीने माणूस पळतो तसा तो मारतोही, हे शरीराचे स्वाभाविक वागणे आहे आणि त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. तिची तक्रार वेगळ्या माणसांबद्दल होती. काही तरुणांची टोळकी येतात ती घाबरण्यासाठी नव्हे, आपण घाबरत नाही हे मित्रांना दाखवण्यासाठी. आणि अंधारात एकटी मुलगी आहे म्हटल्यावर त्यांचे हात आणि तोंड दोन्ही सुटतात. ‘भुताला कसला आलाय मान, मॅडम?’ असे ती सहज बोलून गेली. तिला तो विनोद वाटत होता की नाही, मला कळले नाही. मला वाईट वाटले. रंगमंचावर नटीच्या अंगाला कोणी प्रेक्षक हात लावील तर प्रयोग तिथेच थांबतो आणि पोलीस येतात. तळघरातल्या नटीला तोच हक्क का नसावा?

म्हणून ‘थांबा’ हा शब्द दोन्ही बाजूंना मिळाला पाहिजे. प्रेक्षकाने उच्चारला की दिवे लागतात, तसेच नटाने उच्चारला तरी लागले पाहिजेत, आणि त्या गटाचे पैसे परत न करता त्यांना बाहेर काढण्याचा अधिकार चालकाने नटाला दिला पाहिजे. अंधारात दिसणारे कॅमेरे प्रत्येक खोलीत हवेत आणि त्यांच्यासमोर बसलेल्या माणसाने गाडी हलवायला उठून जाता कामा नये. दिवसाला सहा-सहा खेळ करणाऱ्या नटाला दोन खेळांच्या मध्ये निदान वीस मिनिटे, पाणी आणि मोकळी हवा मिळाली पाहिजे. घोगरा आवाज गळ्यातून काढत राहिले तर महिन्याभरात आवाज बसतो. या बाबतीत आमच्या नाट्यसंस्थांनी हात झटकू नयेत. स्पर्धा संपल्यावर आमची मुले वर्षभर कामाशिवाय असतात. त्यांना इथे रोजचा सराव आणि चार पैसे मिळत असतील, तर आवाजाचे, श्वासाचे, रंगभूषेचे दोन-दोन तासांचे वर्ग घ्यायला मी स्वतः तयार आहे, आणि त्याचे मानधन मला नको. प्रथमोपचाराचे प्रशिक्षण मात्र डॉक्टरांनीच द्यावे. घाबरून श्वास लागणे आणि हृदयविकाराचा झटका यांतला फरक ओळखणे हे आम्हा नाटकवाल्यांचे काम नव्हे.

पालकांनाही एक सांगायचे आहे. काउंटरवर बारा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही असे लिहिलेले असताना, ‘आमचा धीट आहे’ असे म्हणून नऊ वर्षांच्या मुलाला आत न्यायचा आग्रह धरणारे एक गृहस्थ आमच्यासमोर होते. चालकाने नकार दिला आणि गृहस्थ रागावून निघून गेले. त्या दिवशीचे ते गिऱ्हाईक त्याने गमावले, आणि ते त्याने बरोबर केले. आत शिरण्यापूर्वी पालकांनी कथानक विचारावे, नट किती जवळ येतात ते विचारावे, आणि सर्वांत आधी बाहेर पडण्याचे दार कोणते आणि ते आतून उघडते का, हे स्वतः ढकलून पाहावे. यात कसलाही संकोच वाटायचे कारण नाही. त्याने खेळाची मजा कमी होत नाही. दार उघडते आहे हे माहीत असतानाही मागाचा आवाज थांबला तेव्हा मला जे वाटायचे ते वाटलेच असते.

त्या चालकाने आठ दिवसांत कडी काढून पट्टी बसवतो, इन्व्हर्टरची जोडणीही बदलून घेतो, असा शब्द दिला आहे. तो पाळेल असे मला वाटते, कारण मी निघताना तो जिन्यावर मापपट्टी घेऊन उभा होता. त्याचा फोन आला की मी भाच्यांना घेऊन पुन्हा जाणार आहे. वहिनी येणार नाही म्हणते, पण त्या मुलीसाठी तिने शेंगाचटणीचा डबा भरून ठेवला आहे.

आपली,
हौशी रंगभूमीवरील एक रंगभूषाकार,
सोलापूर